बिनजाहिरातीचा टीव्ही

येरमाळ्यात विठाबाईच्या घरी संध्याकाळी टीव्ही लागायचा, तो काही बघण्यासाठी नव्हे. एवढं रणधीरला, म्हणजे तिच्या लेकाला, कळलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण आईच्या घरात काय चालतं हे लेकांना कधी कळलंय? हायवेवर हार्डवेअरचं दुकान घालून बसलेला माणूस तो. त्याला खिळ्याचं माप कळायचं, आईचं डोकं कुठून कळणार?

गोष्ट अशी होती. धारा काढून झाल्या, देवापुढं दिवा लागला, की आळीतल्या बायका एकेक करून विठाबाईच्या पुढच्या खोलीत येऊन टेकायच्या. कुणाच्या मांडीवर शेंगांचं सूप, कुणाच्या हातात वातींचा कापूस. समोर इरावतीची मालिका. ही इरावती कुणा बड्या घरची सून. तिला कधीकाळी कुणीतरी विहिरीत ढकललं होतं आणि कुणी ढकललं हे मालिकावाले काही केल्या सांगत नव्हते. बिचारी विहिरीतून निघाली, तिची आठवण गेली, परत आली, दुसरं लग्न होता होता राहिलं, पण ढकलणारा काही सापडेना. बायका तोंडात पदर धरून बघायच्या आणि जाहिरात लागली की झटक्यात एकमेकींकडं वळायच्या. खरा कारभार तेव्हा सुरू व्हायचा. साबणाची जाहिरात लागली की कुणाच्या सुनेला दिवस गेलेत ते कळायचं, आणि ती पांढरेफेक दात दाखवणारी पेस्टवाली बाई आली की विठाबाई घसा खाकरून बांधावरच्या भांडणांचे निकाल द्यायची. आळीतली दोन लग्नं आणि एक मोडता मोडता राहिलेला संसार जाहिरातीतच मार्गी लागला होता.

तिचा नवरा बब्रुवान त्या वेळी ओट्यावर हद्दपार असायचा. "बायकांच्या रडारडीत मला काय इंटरेस्ट?" म्हणत तो मोबाइलवर कुस्त्या लावून बसायचा, पण बसायचा मात्र बरोबर खिडकीखाली. विहिरीचा विषय निघाला की त्याच्या कुस्तीचा आवाज आपोआप बारीक व्हायचा.

यंदा विठाबाईच्या दरबारात एक अवघड केस आली होती. कमलबाई आणि विमल, सख्ख्या जावा, भिंतीला भिंत लागून घरं, आणि गावदेवी येडाईच्या गेल्या यात्रेपासून एकमेकींशी अबोला. कारण काय, तर पुरणपोळी. आमराईत पालखी आलेली, पाव्हणे जेवायला बसलेले, आणि थोरलीनं, म्हणजे कमलबाईनं, केलेल्या पोळीचा तुकडा मोडताना विमल म्हणाली, "ह्या घरी नेऊन दुधात भिजवल्या तर खाता येतील." कमलबाईनं पाव्हण्यांच्या ताटातल्या पोळ्या उचलून टोपल्यात भरल्या आणि टोपलं डोक्यावर घेऊन घर गाठलं. पाव्हणे वरणभात खाऊन गेले. तेव्हापासून दोघी विठाबाईच्या खोलीत रोज यायच्या, एक ह्या भिंतीला, एक त्या भिंतीला, आणि एकमेकींकडं तोंड वाकडं करून बसायच्या. बोलायचं झालं तर जाहिरातीत, आणि तेही विठाबाईच्या मार्फत.

"आत्या, तिला सांगा, तिचं वासरू माझ्या कोथिंबिरीत शिरलं व्हतं."

"आत्या, हिला म्हणावं, कोथिंबीर हाय का गाजरगवत हे आधी वासराला सांग."

दोघींच्या मध्ये चार हातांचं अंतर. तरी निरोप विठाबाईकडून फिरून जायचा. आळीतल्या सगळ्या सुना विठाबाईला आत्याच म्हणायच्या, तेव्हा आत्याला नाही म्हणता येईना.

आता विमलच्या पोरीचं, हर्षालीचं, लग्न ठरलं होतं. आणि त्या घराची रीत अशी, की हळदीच्या दिवशी पहिलं हळकुंड थोरल्या चुलतीनं मुसळ धरल्याशिवाय फोडायचं नाही. हर्षाली तर कमलबाईच्याच कडेवर वाढलेली. कमलबाईला स्वतःची लेक नाही. पण विमल म्हणायची, "तिनं आपणहून यावं." आणि कमलबाई म्हणायची, "बिनबोलावता जायला म्या काय कुत्रं हाय?" हर्षाली एकदा विठाबाईच्या गळ्यात पडून मुसमुसून रडली. "आजी, काकूनं हात लावला न्हाय तर म्या हळद लावून घेणार न्हाय. लग्न झालं तर होऊ दे बिनहळदीचं." विठाबाईनं तिला शब्द दिला, काकू येईल म्हणून. विठाबाईचा शब्द आजवर आळीत खाली पडलेला नव्हता.

तिनं काम सुरू केलं. रोज थोडं थोडं, जाहिरात बघून. पहिल्यांदा वासराचा विषय मिटवला. मग विमलच्या तोंडून "तब्येत कशी हाय त्यांची?" एवढं वदवून घेतलं, आणि ते पोचवताना स्वतःच्या पदरचा एक उसासा घातला. कमलबाईनं उलट निरोप धाडला, "गुडघा दुखतोय म्हणावं." म्हणजे बर्फ वितळायला लागला होता. आता फक्त एक मोठी जाहिरात हवी होती, की काम फत्ते.

आणि नेमका त्याच दिवशी रणधीर कळंबहून भलामोठा टीव्ही घेऊन आला. जुना डबा उचलून गोठ्याशेजारी ठेवला, नवीन भिंतीवर ठोकला, आणि छाती फुगवून म्हणाला, "आई, आता कुठल्या बी टायमाला मालिका बघ. इंटरनेटवर हाय सगळं, पुढचे भाग बी. आन लई भारी म्हंजी, एक बी जाहिरात न्हाय!"

"न्हाय म्हंजी?"

"म्हंजी अजिबात न्हाय. म्या तसला प्लॅनच घेतलाय. किती वैतागायच्या तुमी त्या जाहिरातीला!"

"कोण वैतागायचं?" विठाबाई म्हणाली, पण त्यानं ऐकलंच नाही. तो बायकोला, शिवांजलीला, रिमोट समजावून सांगत होता.

त्या संध्याकाळी बायका आल्या, बसल्या आणि भाग सुरू झाला. सुरू झाला तो थांबेचना! इरावती रडली, सासू ओरडली, वकील आला, वकील गेला, सगळं एका दमात. शेंगा फुटल्या नाहीत, वाती वळल्या नाहीत. कुणाला बाहेर जाऊन यायचं होतं ती मांडीवर मांडी दाबून बसून राहिली. विमल दोनदा विठाबाईकडं वळली, तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा बाकीच्या तिच्यावर "शूऽऽ" करून खेकसल्या. भाग संपला तसा पुढचा आपोआप सुरू झाला. रात्रीच्या भाकरी आळीत कुणाच्याच थापून झाल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्यांनी गोंधळ घातला.

त्यावर इलाज म्हणून रणधीरनं आणखी एक उपकार केला. स्वभावानंच दिलदार गडी. त्यानं आपल्या खात्याचा पासवर्ड सगळ्या आळीला वाटून टाकला. "आपापल्या फोनवर बघा, आपल्या टायमाला बघा." पासवर्डही सोपा, येडाईचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. देवीच्या नावावर सगळी आळी फुकटात इरावती बघायला लागली.

झालं! विठाबाईची खोली ओस पडली. एक चुलीपुढं बघतीय, एक गोठ्यात, एक लाइटीच्या खांबाखाली, रेंज तिथं येते म्हणून. कुणी दहा भाग पुढं, कुणी पाच भाग मागं. नळावर दोघी भेटल्या तर पूर्वी पाणी भरून वाहून जायचं तरी बोलणं संपायचं नाही. आता एकीनं "इरावतीची सासू..." म्हटलं की दुसरी हंडा टाकून कानावर हात ठेवायची. "सांगू नगं! सांगू नगं! म्या अजून तिथवर गेले न्हाय!" म्हणजे पाऊसपाण्याशिवाय बोलायला विषयच उरला नाही, आणि तेवढ्यासाठी नळावर कोण थांबतंय?

विठाबाई एवढ्या मोठ्या पडद्यापुढं एकटी बसायची. पडद्यावर माणसं भिंतीएवढी दिसायची आणि खोलीत माणूस नाही. तिला लई राग यायचा. रणधीरचा यायचा, त्या टीव्हीचा यायचा, आणि बब्रुवान खिडकीतून "आज काय झालं गं विहिरीचं?" म्हणून विचारायचा तेव्हा त्याचा तर सगळ्यात जास्त. "या की आत मरायला. आता कोण बाई हाय इथं लाजायला?" ती म्हणायची. बब्रुवान काही आत यायचा नाही. त्याला खिडकीतूनच बघायची सवय.

हळद तोंडावर आली. विमलच्या दारात मांडव पडला. कमलबाईनं त्या बाजूची खिडकी लावून घेतली. विठाबाई दोघींच्या घरी जाऊन आली, पण घरी जाऊन निरोप देणं म्हणजे मध्यस्थी झाली, आणि मध्यस्थी म्हटलं की दोघीही ताठ. विमल म्हणाली, "आत्या, तुमी चहा घ्या, तो विषय नगं." कमलबाईनं तर चहासुद्धा विचारला नाही, फोनमधून डोकंच वर काढलं नाही. जाहिरातीत कसं, सहज बोलल्यासारखं व्हायचं. कुणी हरायचं नाही, कुणी जिंकायचं नाही, आणि जास्त ताणायला लागलं की मालिका सुरू व्हायची. हे आता कुठून आणायचं?

हळदीच्या आदल्या दिवशी विठाबाई स्वयंपाकघरात गेली तर शिवांजली भाकरी थापत होती आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. फोनमध्ये कुठल्यातरी परदेशातला गोरागोमटा पोरगा एका पोरीला काहीतरी सांगायला निघाला होता. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपायला लागली. शिवांजलीनं पिठाच्या बोटानं फोनला टिचकी मारली. पोरगा आ वासून जागच्या जागी थांबला. तिनं भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात टाकली, हात पुसले आणि पुन्हा टिचकी मारली. पोरगा बोलायला लागला.

"हे काय केलंस गं?" विठाबाईनं विचारलं.

"काय न्हाय आत्या, थांबवलं."

"थांबवता येतंय?"

"व्हय की. टीव्हीवर बी येतंय. रिमोटवर मधलं बटण."

"आन किती येळ थांबतंय?"

"तुमी म्हणाल तेवढा येळ."

विठाबाई तिथंच पाटावर बसली. "अगं शिवांजले," ती म्हणाली, "आन हे तू मला आज सांगतीस?"

मग सासू-सुनेनं मिळून दुपारी दोन कामं केली. एक म्हणजे रणधीर दुकानात असताना शिवांजलीनं पासवर्ड बदलला आणि सगळ्यांचे फोन खात्यातून बाहेर काढून टाकले. दुसरं म्हणजे विठाबाई आळीतून एक फेरी मारून, आजचा भाग चुकवू नगा म्हणून सगळ्यांना सांगून आली. त्या दिवशी दुपारी येणाऱ्या नव्या भागात विहिरीचा उलगडा होणार होता; आठवडाभर मालिकावाले त्याचंच ढोल वाजवत होते. चार वाजता आळीत हाहाकार. "आत्या, आमचं बंद पडलं!" "आत्या, चुकीचा पासवर्ड म्हणतंय!" विठाबाई निरागस चेहऱ्यानं म्हणाली, "कंपनीचं काय ठाऊक बाई. माझा चालू हाय. या संध्याकाळी."

आल्या. सगळ्या आल्या. सुपं घेऊन, कापूस घेऊन, लेकरं काखेला मारून आल्या. विमल मांडवातून आली, अंगाला उटण्याचा वास, एका भिंतीला टेकली. हर्षाली दारात उभी. आणि शेवटी, सगळं सुरू झाल्यावर, कमलबाई येऊन दुसऱ्या भिंतीला बसली. दोघींनी जुन्या सवयीनं तोंडं वाकडी केली. विठाबाईला एवढं बरं वाटलं म्हणता!

भाग रंगला. इरावती भरल्या घरात उभी राहिली, बोट उचललं आणि म्हणाली, "आज मी सांगणार आहे, त्या दिवशी विहिरीपाशी मला..."

विठाबाईनं मधलं बटण दाबलं.

इरावती आ वासून थांबली. खोलीत असा आरडाओरडा झाला, की बब्रुवान खिडकीत डोकं घालून "काय झालं? मेलं का कोण?" म्हणाला.

"जाहिरात," विठाबाई म्हणाली आणि रिमोट पोलक्यात खुपसला. आता तिथून तो काढायची कुणाची छाती नव्हती. "जाहिरात लागली हाय. उद्या ह्या पोरीची हळद हाय. पहिलं हळकुंड थोरल्या चुलतीनं फोडायचं असतंय. विमल, तुला काय बोलायचं असंल तर बोल. कमल, तुला काय बोलायचं असंल तर बोल. जाहिरात संपली की मालिका लावते."

एक आढ्याकडं बघतीय, एक जमिनीकडं बघतीय. बाकीच्या बायका आधी हसल्या, मग कावल्या. "अगं विमल, बोल की एकदाचं! आमच्या भाकरी राहिल्यात!" "कमलअक्का, तुमी तरी मोठ्या हाव ना?" एवढ्यात पडद्यावरची इरावतीच नाहीशी झाली आणि तिथं हिरवेगार डोंगर आले. "गेलं! गेलं! घालवलं आत्यानं!" म्हणून एकच कालवा. शिवांजलीला ओरडून सांगावं लागलं, की काही गेलेलं नाही, टीव्ही रिकामा बसला की डोंगर दाखवतो. विठाबाईलाही ते खरंच वाटलं होतं, पण तिनं चेहरा हलू दिला नाही.

तरी दोघी आपापली भिंत सोडीनात. विठाबाईनं पोलक्यातला रिमोट चाचपला. ह्यांनी असंच धरून ठेवलं तर? दारात हर्षालीचे डोळे भरून आले होते. दिलेला शब्द आज भर खोलीत, सगळ्यांच्या देखत पडणार, असं विठाबाईला वाटायला लागलं.

तेवढ्यात कमलबाईनं पदर सारखा केला. भिंतीकडंच बघत, कुणाला म्हणून नव्हे असं, ती म्हणाली, "आत्या, मला कशाची अडवणूक करताय? कळंबहून भावाचं पोरगं आलतं. त्याच्या फोनवर म्या दुपारीच बघितलाय हा भाग. इरावतीला कुणी ढकललं ते मला म्हाइत हाय. सांगू का सगळ्यांला?"

विठाबाईचा सगळा डाव एका वाक्यात मोडला. कमलबाईनं सावकाश घसा खाकरला. "तर तिला ढकललं..."

"अक्का, गप बसा!"

विमल उठून उभी राहिली होती. "एक शबूद बोललात तर बघा! वरीसभर वाट बघतीय म्या! मांडव टाकून आलेय, पोरीच्या बांगड्या भरायच्या राहिल्यात, आन तुमी सांगून मोकळ्या व्हणार?"

"मग सांगू नगं तर काय करू? तू काय बोलतीस का माझ्याशी?"

"तुमी बोलताय का? पोळीवरनं वरीसभर तोंड फिरवून बसायचं असतंय व्हय?"

"पाव्हण्यांपुढं माझ्या पोळीला वातड म्हणलीस!"

"म्या वातड म्हणलेच न्हाय! दुधात भिजवल्या तर म्हणले!"

"दुधात कशाला भिजवायची गं, चांगली पोळी?"

"मला दात न्हाईत मागचे! दाढ काढलेली तवा! तुमाला म्हाइत हाय की, तुमीच आला व्हता माझ्यासंगं कळंबला!"

कमलबाई थांबली. तोंड तसंच उघडं राहिलं, मघाच्या इरावतीसारखं. दाढेची गोष्ट ती साफ विसरली होती.

"मग तसं तवाच सांगायचं न्हाय व्हय?" ती पडेल आवाजात म्हणाली.

"कुणाला सांगू? तुमी टोपलं डोक्यावर घेऊन वेशीपतूर गेल्या व्हत्या! उद्या सकाळी हळद हाय. या आन मुसळ हातात घेऊन काय ते बोला."

"बोलावलंस कुठं मला?"

"मग हे काय करतीय म्या मघाधरनं? आरती करतीय?"

ह्या दोघींनी वर्षात पहिल्यांदा एकमेकींना तोंडावर शिव्या दिल्या आणि विठाबाईला मध्ये एक शब्दही टाकावा लागला नाही. हर्षाली धावत जाऊन कमलबाईच्या मांडीवर पडली. विठाबाईनं डोळे पुसले, पोलक्यातून रिमोट काढला आणि बटण दाबलं.

डोंगर गेले. इरावती आली. तिनं बोट खाली केलं आणि म्हणाली, "मला कुणीच ढकललं नव्हतं. माझा पाय घसरला होता."

"अगंऽ बयाऽऽ!" सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत मोठ्यांदा कमलबाई किंचाळली. मग बाकीच्यांनी मालिकावाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. बब्रुवान खिडकीतून म्हणाला, "म्या पहिल्यापासनंच म्हणत व्हतो, तिथं शेवाळ हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलबाई सगळ्यांच्या आधी मांडवात. नेसून-बिसून, गुडघ्याला तेल लावून आलेली. पाटावर हळकुंडं मांडली, बाकीच्या सवाष्णींनी मुसळाला हात लावला, कमलबाईनं मुसळ वर उचललं आणि वरच्या वर धरून ठेवलं.

"काय झालं?" विमल म्हणाली.

"जाहिरात," कमलबाई म्हणाली. "पोळी कशी व्हती?"

"अक्का, मुहूर्त चाललाय!"

"जाऊ दे. पोळी कशी व्हती ते सांग."

"आई, म्हण की गं! माझी हळद थांबलीय!" हर्षाली ओरडली.

"मऊ व्हती," विमल म्हणाली. "लई मऊ व्हती. टाका आता!"

मुसळ खाली आलं. हळकुंड फुटलं, बायकांचा गलका झाला. त्या गलक्यात विठाबाई कमलबाईच्या कानाशी लागली. काल रात्रीपासून तिला एक गोष्ट सलत होती.

"काय गं, तू तर दुपारीच बघितला व्हतास म्हणलीस. मग किंचाळलीस कशाला एवढी?"

कमलबाईनं इकडंतिकडं बघितलं. "कुठला बघितला, आत्या. तुमच्या घरी येणं बंद झालं त्या दिवसापासनं म्या एक भाग बघितला न्हाय. फोन नुसता हातात धरून बसायची. एकटीनं काय बघायचं? तोंड वाकडं करायला समोर कुणीतरी पाहिजे का न्हाय?"

एवढं बोलून तिनं विमलकडं बघून तोंड वाकडं केलं. विमलनंही केलं. मग दोघींनी मिळून मुसळ उचललं.